नोएमिया द सोझांची कविता: भाषण वाटते ती का, आणि ती कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात मोझांबिकच्या (आफ्रिकेतली पूर्वीची पोर्तुगीज वसाहत) नोएमिया द सोझा यांच्या चार-पाच कविता इंग्रजीतून वाचल्या. त्या सभेतल्या भाषणासारख्या वाटल्या, तर यात कविता नेमकी कुठे आहे? दुसरं, बाईंनी जेमतेम तीन वर्षं लिहिलं आणि पुढची पन्नास वर्षं जवळपास काहीच नाही. मग त्यांना 'मोझांबिकच्या कवींची आई' का म्हणतात? आणि जाता जाता तिसरं: आडनाव द सोझा, म्हणजे मूळच्या गोव्याच्या का?

मी गोव्यात बरीच वर्षं पोर्तुगीज शिकवते आणि या कविता दरवर्षी वर्गात घेते. त्यामुळे तिन्ही प्रश्न ओळखीचे आहेत. तिसऱ्याकडे शेवटी येते, कारण त्याचं उत्तर आपल्याला आवडेल तसं नाही.

भाषणासारख्या वाटल्या हे बरोबरच आहे. त्या कुणाला तरी उद्देशून बोललेल्याच आहेत. कुठे 'तू', कुठे 'बंधो', कुठे 'सोबत्यांनो', कुठे थेट आफ्रिकेला हाक. उद्गारचिन्हांची आणि टिंबांची रेलचेल. एकच ओळ पुन:पुन्हा परत येते. मनातल्या मनात वाचली तर ही कविता कर्कश वाटते, मोठ्याने वाचली की तिचा श्वास लागतो. पण एवढं सांगून मी थांबणार नाही, कारण 'मोठ्याने वाचा' हे वाईट कवितेबद्दलही सांगता येतं. बाईंना कविता म्हणजे काय वाटत होतं, हे त्यांनी स्वतः एका कवितेत घडताना दाखवलंय. तिथूनच सुरुवात करू.

ती कविता १९५० सालच्या जानेवारीतली. तिचं नाव अमेरिकेतल्या गुलामांच्या जुन्या भक्तिगीतातून घेतलंय: माझ्या लोकांना जाऊ द्या. मोझांबिकमधली उबदार रात्र आहे. लांबून कुठून तरी मारिंबाचे, लाकडी पट्ट्यांच्या त्या वाद्याचे, सूर येताहेत. लाकडाच्या, पत्र्याच्या घरात ती बाई रेडिओ लावते आणि त्या आवाजावर डुलकी घ्यायला बघते. पण रेडिओवर लागतात पॉल रोबसन आणि मॅरियन अँडरसन, अमेरिकेतले काळे गायक. झोप उडते. ती उठते, टेबलाशी बसते आणि लिहू लागते. आता या कवितेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी जागा: लिहिताना तिच्या खांद्यावरून माणसं कागदात वाकून बघायला लागतात. राठ हातांची, थकल्या चेहऱ्याची आई. कधी न भेटलेला, पण त्याच मातीतला कुणी पाउलु. गजांच्या खिडक्या, खाणीत निघालेल्यांचे निरोप, कापसाची शेतं. एक गोरा सोबती. भाऊ झे. निळ्या डोळ्यांचा एक मित्र, तो तर तिचा हात धरून तिला लिहायला लावतो. रेडिओचा लुकलुकणारा डोळा रात्रभर जागा असतो, आणि ती म्हणते की हार्लेममधून, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतून, हे विलापाचे सूर येताहेत तोवर मला श्ट्राउसच्या वॉल्ट्झवर डुलता येणार नाही.

यात तीन गोष्टी बघा. एक, गर्दी कवितेत आधीच आलेली आहे. कवयित्री एकटी खोलीत बसून 'जनतेसाठी' काही लिहीत नाही. जनताच खोलीत शिरलीय आणि तिला झोपू देत नाही. दोन, त्या गर्दीत गोरा मित्रही आहे, त्यामुळे हा राग नुसता कातडीच्या रंगाचा हिशेब नाही. तीन, तिची परंपरा पोर्तुगालमधून येत नाही. ती येते अमेरिकेतल्या काळ्यांच्या गाण्यातून, ब्राझीलमधून आणि अंगणापलीकडच्या मारिंबातून. अमेरिकेची जॅझ गायिका बिली हॉलिडे आणि ब्राझीलचे कादंबरीकार जॉर्ज अमाडू यांच्यावर बाईंच्या स्वतंत्र कविता आहेत. लिस्बनच्या शाळेतल्या धड्यांत शिकवलेली घाटदार सुनीतं त्यांना माहीत नव्हती असं नाही. त्यांनी ती बाजूला ठेवली.

का ठेवली, ते 'काळी स्त्री' या छोट्या कवितेत आहे. परक्या लोकांनी, डोळ्यांत भलतीच जगं घेऊन, काळ्या बाईची गाणी गायली. तिला कधी आबनुसाचा स्फिंक्स केलं, कधी प्राचीन इटलीतली इट्रस्कन सुरई, कधी उष्ण कटिबंधातलं नवल, जादू, वासना, क्रौर्य. नक्षीदार, जाळीदार गाण्यांत ती सगळं काही झाली, फक्त ती स्वतः झाली नाही. आणि मग बाई म्हणतात: बरंच झालं! बरं झालं की तुला खऱ्या अर्थाने गायचं काम आमच्यासाठी शिल्लक राहिलं. हे 'बरंच झालं' मला फार आवडतं. तक्रारीच्या मधोमध एकदम खट्याळ सूर लागतो, आणि बाईंना भाषणबाज ठरवणारे लोक ही ओळ हमखास विसरतात.

या कवितेचा शेवट मात्र 'आई' या एकाच शब्दावर होतो, मोठ्या अक्षरांत. वर्गातल्या मुली इथे चिडतात. 'परक्यांनी सुरई केली, हिने आई केली, बाई राहिलीच कुठे?' असं एकीने विचारलं होतं, आणि मला तो आक्षेप रास्त वाटतो. त्या पिढीच्या काळ्या कवितेत आफ्रिका म्हणजे आई हे समीकरण सगळीकडे आहे आणि नोएमिया त्यातून सुटलेल्या नाहीत. पण त्याच नोएमियांची 'गोदीतल्या मुली' ही कविता शेजारी ठेवून बघा. बंदराच्या आसपास देह विकणाऱ्या मुली तिथे बोलतात: आम्ही पळून आलेल्या, पत्र्याच्या आणि बोरूच्या वस्त्यांतून, मुन्युआनातून, शिपामानीनेतून, शहराच्या त्या बाजूकडून. त्या कुणाच्या आया नाहीत, प्रतीकं नाहीत. आणि लिहिणारी कोण, तर पंचविशीही न गाठलेली, शिकलेली तरुणी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या कॅथलिक, सेन्सॉर बसवलेल्या राजवटीत ती या मुलींबद्दल 'त्या' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणते. आजच्या वाचकाला हे साधं सर्वनाम वाटेल. त्या शहरात चांगल्या घरातल्या मुलीने ते वापरणं साधं नव्हतं.

इथे समाजाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर 'आम्ही'चं वजन कळत नाही. आजचं मापुतो म्हणजे तेव्हाचं लोरेंसो मार्केस. सिमेंटचं शहर गोऱ्यांचं, त्याच्या कडेने बोरूच्या आणि पत्र्याच्या वस्त्या. कायद्याने बहुसंख्य काळे लोक 'देशी' गणले जात, नागरिक नव्हे. त्यांच्यावर सक्तीची मजुरी लादता येई, तिला शिबालो म्हणत. उत्तरेत सक्तीने कापूस पिकवायला लावत. यातून सुटायचं तर 'आत्मसात' झाल्याचा दाखला मिळवायचा: पोर्तुगीज येतं, राहणी 'सुसंस्कृत' आहे, हे साहेबाला पटवून द्यायचं. हा भेद १९६१ पर्यंत कायद्यात होता. नोएमियांचं घर मिश्र वंशाचं, वाचणारं-लिहिणारं. म्हणजे रेषेच्या बऱ्या बाजूचं. वडील त्यांच्या लहानपणीच गेले, नोकरी लवकर धरावी लागली, राहणं माफालाला वस्तीत पत्र्याच्या घरात. तरीही कागदोपत्री त्या 'त्या' बाजूच्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या कवितेतला 'आम्ही' जन्माने मिळालेला नाही, त्यांनी तो निवडलेला आहे. 'काळं रक्त' या कवितेत तर त्या आफ्रिकेची क्षमाच मागतात: या परक्यांनी गजबजलेल्या रस्त्यांवर मी तुला विसरून, स्वतःतच गुरफटून हिंडत होते.

खरं सांगायचं तर 'काळं रक्त' मला फारशी रुचत नाही. संग्रहालाही तेच नाव मिळालंय म्हणून ती सगळे आधी वाचतात आणि तिथेच मत बनवतात. गूढ आफ्रिका, आदिम आफ्रिका, रक्ताची हाक, हे सगळं त्यात आहे आणि विशेषणं जरा जास्तच आहेत. तुम्हाला जी भाषणबाजी खटकली ती बहुधा याच कवितेत. तुमच्या अभ्यासक्रमात ती असेलच. पण कवीला त्याच्या सर्वांत गाजलेल्या कवितेवरून तोलू नये.

त्याऐवजी 'मगाइसा' घ्या. दक्षिण मोझांबिकमधून दरवर्षी हजारो पुरुष दक्षिण आफ्रिकेत रँडच्या सोन्याच्या खाणींत जायचे. भरती करणाऱ्या संस्था, दोन सरकारांमधले करार, आगगाडी, सगळं व्यवस्थित लावलेलं. खाणीतून परतलेल्या माणसाला मगाइसा म्हणत. कविता स्टेशनवर सुरू होते. प्रचाराच्या पत्रकांत असते तशी निळी-सोनेरी सकाळ एका नवख्या खेडुताला गिळून टाकते. फलाटावर गोऱ्यांची न कळणारी बडबड, धापा टाकणारी गाडी, त्याचे विस्फारलेले डोळे. मग मधली सगळी वर्षं बाई गाळतात. खाणीतला एक शब्द नाही, काळोख नाही, धूळ नाही, अपघात नाही. एक दिवस गाडी परत येते, तशीच धापा टाकत. मगाइसा उतरतो तो ओव्हरकोट, मफलर आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घालून. तिथल्या उन्हात ओव्हरकोट! पेट्यांत काय काय भरून आणलंय. आणि तारुण्य, तब्येत, स्वप्नं? ती राहिली तिकडे. आता कुठल्यातरी शहरातल्या झगमगत्या रात्री कुठल्यातरी मॅडमच्या गळ्यात ती ताऱ्यांसारखी चमकतील.

या कवितेत घोषणा दाखवा मला. शोषण हा शब्द नाही, भांडवल नाही, साम्राज्य नाही. आहेत ते मोजे. माणसाच्या अंगावरच्या त्या विजोड कपड्यांतून आख्ख्या व्यवस्थेचा जमाखर्च समोर येतो: काय गेलं, बदल्यात काय आलं, आणि गेलेलं शेवटी कुणाच्या गळ्यात पडलं. गाडीची धाप जाताना आणि येताना तीच ठेवलीय, कारण गाडीला काहीच झालेलं नाही. जे झालं ते माणसाला. ही कारागिरी आहे, आणि वरवर बोलण्याचा सूर ठेवून ती केल्यामुळे पटकन नजरेत भरत नाही. आपल्याकडेही सत्तरच्या दशकात दलित कवितेला 'ही घोषणाबाजी' असा शेरा मिळालाच होता. शेरा मारणाऱ्यांनी तेव्हाही आवाजाची पट्टी ऐकली, वाक्यांची जोडणी बघितली नाही.

तुमच्या यादीत 'मला ओळखायचं असेल तर' ही कविता असेल, १९४९ च्या नाताळच्या दिवसाची. तिच्याबद्दल एकच मुद्दा. मला ओळखायचं तर उत्तरेतल्या कुणा अनामिक माकोंदे बांधवाने कोरलेलं हे काळं लाकूड नीट बघ, असं ती सुरू होते: रिकाम्या खोबणी, चिरलेलं तोंड, विनवणारे आणि धमकावणारेही प्रचंड हात. लोरेंसो मार्केस देशाच्या पार दक्षिण टोकाला आणि माकोंदे मुलूख पार उत्तरेला, टांझानियाच्या सीमेला लागून. दोन्हीकडच्या लोकांची भाषा वेगळी, चाली वेगळ्या. १९४९ मध्ये मोझांबिक नावाचा देश कुणाच्या मनात फारसा नव्हता; होती ती पोर्तुगालची वसाहत. दक्षिणेतल्या शहरी मुलीने उत्तरेतल्या सुताराच्या हातातलं लाकूड उचलून 'ही मी' म्हणणं, म्हणजे देश तयार होण्याआधी त्याची सीमारेषा कवितेत आखणं होतं. पुढे १९६४ च्या सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्याच्या सशस्त्र लढ्याची पहिली गोळी सुटली ती त्याच माकोंदे भागात, चाई नावाच्या ठाण्यावर. कवितेमुळे ती सुटली असं कुणी म्हणणार नाही. पण देश 'आम्ही' म्हणायला शिकला, तेव्हा ते म्हणण्याची रीत कागदावर आधीच तयार होती.

'कवींची आई' ही पदवी त्यातूनच आली. तिच्यातली गंमतही सांगते: मोझांबिकचे सर्वांत मोठे कवी मानले जातात ते जुझे क्राव्हेरिन्या नोएमियांपेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म १९२२ चा, बाईंचा १९२६ चा. म्हणजे लेक आईपेक्षा वडील! अशा पदव्या बायकांनाच का चिकटतात हा वेगळा विषय आहे. पुरुषाला महाकवी म्हणतात, बाईला आई.

आता तीन वर्षांचा प्रश्न. १९४८ ते १९५१, एवढाच तो काळ. कविता छापून यायच्या 'ओ ब्रादु आफ्रिकानु' या, १९१८ मध्ये सुरू झालेल्या काळ्या-मिश्र वंशाच्या लोकांच्या वर्तमानपत्रात. १९५१ मध्ये चाळीसहून थोड्या जास्त कवितांची सायक्लोस्टाइल वही निघाली आणि हातोहात फिरली. मित्र अटकेत जात होते. 'जुआंवची कविता' अशाच एका अटकेवर आहे, आणि तिचा युक्तिवाद सरळ आहे: जुआंवला नेलंत, पण जुआंव म्हणजे आम्ही सगळे, गर्दीला तुरुंगात कसं घालाल? त्याच वर्षी बाई लिस्बनला गेल्या. १९५३ मध्ये तिथे निघालेल्या काळ्या पोर्तुगीज कवितेच्या एका छोट्या पण फार महत्त्वाच्या संकलनात त्या होत्या. १९६४ मध्ये पॅरिसला गेल्या, मोरोक्कोच्या वकिलातीत नोकरी केली, टोपणनावानेही थोडं लिहिलं, नंतर पुन्हा लिस्बन. कविता अगदी तुरळक. पुस्तक म्हणून संग्रह निघाला तो थेट २००१ मध्ये, मापुतोत, लेखक संघाने काढलेला. बाईंनी पंचाहत्तरी गाठली होती. पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर २००२ रोजी, लिस्बनजवळ काश्काइशला त्या वारल्या.

हे मौन का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. माझं मत त्यांच्या कवितेतूनच बनलंय आणि ते मत म्हणूनच घ्या. ज्या कवयित्रीच्या खांद्यावरून माणसं वाकून बघतात तेव्हाच तिचा हात चालतो, ती लिस्बनच्या सदनिकेत बसून कुणासाठी लिहिणार? एकटीचं दुःख, एकटीचं प्रेम, म्हातारपण, परदेशातला हिवाळा, यावर कविता होते. जगात बहुतेक कविता त्यावरच आहे. नोएमियांच्या कवितेला तो दरवाजा नव्हताच. शेजारी माफालाला नाही, गाडी नाही, मारिंबा नाही, मग कविता नाही. काहींना हे कच्चेपण वाटतं. मला त्यात एक सचोटी दिसते: निर्वासितपणाचं भांडवल करून आठवणींतली आफ्रिका वर्षानुवर्षं विकता आली असती, तिला लिस्बन-पॅरिसमध्ये गिऱ्हाईकही होतं. त्यांनी तो उद्योग केला नाही. वहीदेखील पुस्तक व्हावी म्हणून धडपड केली नाही, पन्नास वर्षं जाऊ दिली.

'विनवणी' नावाची एक कविता आहे, १९४९ ची. आमचं सगळं घ्या: जमीन घ्या, सूर्याचा उजेड घ्या, आम्हाला भाकर देणारं शेत घ्या, झोपडी घ्या, फक्त संगीत सोडा. आम्हाला माल म्हणून विका, साखळ्या घाला, संगीत असेल तर आम्ही मोकळेच. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हे लिहिणारी बाई स्वतः पुढे जवळपास लिहिणंच सोडते, आणि तरी तिच्या कविता मोझांबिकमध्ये मुखोद्गत होतात, हे मला विसंगत वाटत नाही. 'आम्हाला' संगीत सोडा असं तिने मागितलं होतं, 'मला' नाही.

आता आडनाव. द सोझा, परेरा, फर्नांडिस ही नावं पोर्तुगीजांनी जिथे जिथे वाटली तिथे तिथे आहेत, त्यामुळे नावावरून काही ठरत नाही. पण नोएमियांच्या बाबतीत नातं खरं आहे. वडिलांकडच्या वंशात पोर्तुगीज, आफ्रिकी आणि गोवेकर असं मिश्रण होतं. आईकडे रोंगा (दक्षिण मोझांबिकमधला एक समाज) आणि जर्मन. यात नवल नाही. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहूनच चाले, आणि नंतरही गोव्याचे कारकून, डॉक्टर तिकडे जात राहिले. नोएमियांचा जन्म झाला ते कातेंबे लोरेंसो मार्केसच्या समोर, खाडीपलीकडे. तिथे गोव्याहून गेलेल्या मच्छीमारांची वस्ती होती. 'दूरच्या बालपणाची कविता' सुरू होते ती समुद्रकाठच्या मोठ्या घरात, भर दुपारी, हिंदी महासागरावर ऊन तळपत असताना. आणि भारतीय मच्छीमारांच्या होड्या जड जाळी ओढत अजून परतलेल्या नसतात. पुढे सवंगडी येतात: काळे, मिश्र, गोरे, भारतीय, कुणी धोबिणीचा, कुणी पाववाल्याचा, कुणी सुताराचा, पुलाखाली टाचणीचा गळ लावून मासे धरणारे.

तर भारत त्यांच्या कवितेत आहे, पण शेजारी म्हणून आहे. आजोळ म्हणून नाही, पितृभूमी म्हणून तर नाहीच. अंगात तीन खंडांचं रक्त असलेल्या या बाईने कवितेत एकाच रक्ताचं नाव घेतलं, आणि ते सोयीचं होतं म्हणून नव्हे. पोर्तुगीज किंवा गोवेकर असणं त्या काळी कितीतरी सोयीचं होतं. गोव्यात अधूनमधून कुणीतरी 'आपली नोएमिया' म्हणून लेख लिहायचा बेत करतं. मी दरवेळी सांगते की लेख लिहा, शीर्षक बदला.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी 'मगाइसा', मग बालपणाची कविता, मग रेडिओची, आणि 'काळं रक्त' सगळ्यात शेवटी. पोर्तुगीज थोडंफार येत असेल तर साओ पाउलोच्या कापुलाना प्रकाशनाने २०१६ मध्ये काढलेली आवृत्ती शोधा. नसेल येत, तरी मूळ पान समोर ठेवा आणि वर्गात कुणाला तरी 'मगाइसा' उभं राहून वाचायला लावा. अर्थ नंतर सांगा. गाडी दुसऱ्यांदा धापा टाकते ती जागा ऐकणाऱ्यांना न सांगता ओळखता आली, तर तुमच्या पहिल्या प्रश्नावर वर्गात वाद घालायला बरा मुद्दा हाती लागेल.